कस्टर्डचा उपास

हाफ टर्मची आठवडाभराची सुट्टी लागायला एक तास उरला असताना मिस हॉलंडची आई वेल्समध्ये आपल्या अंगणात पाय घसरून पडली, आणि त्याचा फटका कॉव्हेंट्रीत गिरिजा खोब्रागडेला बसला.

गिरिजा तिथल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट होती. बुटांच्या नाड्या बांधणं, नाकं पुसणं, हरवलेला एकच हातमोजा शोधून देणं, ही कामं ती अकरा वर्षं करत होती. एवढ्या वर्षांत तिचं आडनाव शाळेत एकालाही धड उच्चारता आलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांची 'मिसेस के' होती. तिच्या वर्गात जानेवारीपासून एक नवा सभासद आला होता. लेपर्ड गेको. तीन महिन्यांचं पिल्लू, वीतभरही लांब नाही, पिवळ्या अंगावर काळपट ठिपके. मुलांनी मतदान घेऊन त्याचं नाव कस्टर्ड ठेवलं होतं. सुट्टीत वर्गशिक्षिका मिस हॉलंड त्याला घरी नेणार होती. पण आता ती कोटाची एकच बाही घालून गाडीकडे धावायच्या बेतात होती.

"कस्टर्डला कोण नेईल?" तिनं स्टाफरूमच्या दारातून विचारलं.

आत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकीच्या घरी मांजर होती. दुसरीला कसली तरी अ‍ॅलर्जी असल्याचं तिला त्याच क्षणी आठवलं. मिस्टर डॉसन आपल्या चहाच्या कपात बघत राहिले आणि त्यांच्याकडे मुद्दाम कुणीच बघितलं नाही. मागच्या वर्षी त्यांनी वर्गातला गोल्डफिश सुट्टीत घरी नेला होता. तो परत आला तो आगपेटीतून. मैदानाच्या कडेला त्याला मूठमाती द्यावी लागली होती, आणि अजूनही डबा खायच्या सुट्टीत एखादं पोर निरागसपणे त्यांना विचारायचं, "सर, तुम्ही बबल्सला का मारलंत?"

गिरिजाचा एक जुना दोष होता. कुणी मदत मागितली आणि कुणीच बोललं नाही, की तिलाच लाज वाटायची.

"मी नेते," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण म्हणालो.

संध्याकाळी तिचा नवरा विलास कामावरून आला. तो रेल्वेत सिग्नल इंजिनिअर होता. बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी काचेची पेटी बघून तो दारातच थांबला.

"हे काय?"

"कस्टर्ड. शाळेतला. नऊ दिवस आपल्याकडे आहे."

विलासनं वाकून बघितलं. "गिरिजा, ही पाल आहे."

"गेको आहे."

"म्हणजे पालच ना?"

"हे मूळचे अफगाणिस्तानाकडचे असतात. कोरड्या, गरम मुलखातले. म्हणून खाली ती हीट मॅट आहे बघ. ती कायम चालू ठेवायची."

विलासला विजेचं काहीही असलं की बरं वाटायचं. त्यानं मॅटची वायर नीट वळवून घेतली, प्लग खोचला, बटण दाबलं आणि हात झटकले. "झालं. आता खायला काय देतात याला?"

मिस हॉलंडनं एक पानभर सूचना दिल्या होत्या. पाणी रोज बदला. दर दोन दिवसांनी वजन करा आणि मुलांनी काढलेल्या आलेखावर ठिपका द्या. शेपटीकडे लक्ष ठेवा, ती त्याची शिदोरी आहे, बारीक झाली तर समजा पोटाला मिळत नाही. आणि जेवण: रोज संध्याकाळी चार-पाच जिवंत रातकिडे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. पुढे अधोरेखित केलं होतं की रातकिड्यांना आधी भरपूर खायला घाला, कारण जे त्यांच्या पोटात तेच कस्टर्डच्या पोटात.

गिरिजा 'जिवंत' या शब्दावर अडली. पिशवीतून एक प्लॅस्टिकचा डबा निघाला. त्यात चाळीसेक रातकिडे अंड्याच्या पुठ्ठ्यावर चढउतार करत होते.

खोब्रागड्यांच्या घरात बुद्धमूर्तीपुढे रोज वंदना व्हायची. दर पंधरवड्याच्या रविवारी मिडलंड्स भागातली दहा-बारा घरं आळीपाळीनं एकमेकांकडे जमायची आणि पंचशील घ्यायची. प्राणिहिंसा करणार नाही, हे त्यातलं पहिलं शील. गिरिजा ते नुसतं म्हणत नसे, पाळत असे. बाथरूममधल्या कोळ्यालासुद्धा ती ग्लासात धरून बागेत पोचवून यायची.

"मी नाही हे करू शकत," ती म्हणाली.

"मटण खातेस की."

"ते मी मारत नाही."

"मग किडेही तू मारू नकोस. कस्टर्ड मारेल."

"पण आत सोडणार मी ना? त्यांना काय वाटेल?"

"कुणाला?"

"किड्यांना."

विलासनं कपाळाला हात लावला. "दे इकडे, मी सोडतो." त्यानं झाकण उघडलं. एक रातकिडा उडी मारून त्याच्या बाहीत शिरला. पुढची दोन मिनिटं विलास खोलीभर नाचला, शर्ट काढला, किड्याला परत डब्यात घातलं आणि झाकण घट्ट लावून म्हणाला, "सिग्नलच्या कामात असलं काही नसतं."

तेव्हा गिरिजानं सूचनांमधला तिला जमणारा भाग आधी करायचं ठरवलं. रातकिड्यांना खायला घालणं. तिच्या घरून दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय कुणी पाहुणा कधी उठला नव्हता. तिनं त्यांना गाजर किसून दिलं. दुसऱ्या दिवशी लाल भोपळा. मग कोवळी कोथिंबीर, थोडे ओट्स. दोन-तीन दिवसांत रातकिडे तुकतुकीत झाले आणि बुधवारी सकाळी त्यातल्या एकानं चक्क गायला सुरुवात केली.

"हे गातायत," विलास टोस्ट खाताखाता म्हणाला.

"पोट भरलंय त्यांचं," गिरिजा कौतुकानं म्हणाली. त्यातल्या एकाला मागचा एक पाय नव्हता. त्याच्यापुढे ती गाजर जरा जवळ सरकवून ठेवायची. आता अशा ओळखीच्या जिवांना उचलून कुणाच्या तोंडी कसं द्यायचं?

कस्टर्डला तिनं बाकी सगळं देऊन बघितलं. उकडलेल्या अंड्याचा तुकडा चिमट्यात धरून हलवला. टोफू दिला. केळं दिलं. दुकानातून वाळवलेल्या अळ्या आणल्या, त्या आधीच मेलेल्या होत्या म्हणून तिला मोठा आधार वाटला होता. कस्टर्डनं प्रत्येक वेळी जिभेनं स्वतःचं नाक चाटलं आणि डोळे मिटून घेतले. रविवारी त्याचं वजन अठरा ग्रॅम होतं. मंगळवारी सतरा. गुरुवारी सोळा. मुलांनी रंगीत खडूंनी काढलेल्या आलेखावर ती रेघ जिन्यासारखी खाली उतरत होती, आणि शेपटी बघवत नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी तिनं मन घट्ट केलं. उपाशी ठेवून मारणं हीसुद्धा हिंसाच की. तिनं मनातल्या मनात तीन रातकिड्यांची क्षमा मागितली, त्यांना चमच्यानं पेटीत सोडलं आणि बोटांच्या फटीतून बघत राहिली. एक रातकिडा कस्टर्डच्या समोरून चालत गेला. दुसरा त्याच्या डोक्यावर चढला आणि तिथून त्यानं इकडेतिकडे बघितलं. कस्टर्डनं डोळे मिटले.

"यानंही पंचशील घेतलंय वाटतं," विलास म्हणाला.

"विलास, थट्टा नको."

सूचनांमध्ये लिहिलं होतं की न खाल्लेले किडे गेकोला चावतात. म्हणून अर्ध्या तासानं तिनं तिघांनाही बाहेर काढलं. आपले रातकिडे सुखरूप परत आले म्हणून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. आतापर्यंत तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. आता पेटीतल्या पालीनं एकदा तरी चुकचुकावं म्हणून ती कान लावून बसू लागली.

शुक्रवारी तिनं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. मंगळवारच्या आधी वेळ नव्हती. शनिवारी सकाळी मिस हॉलंडचा मेसेज आला. आई बरी आहे, पायाला प्लॅस्टर आहे. सोमवारी असेंब्लीत सगळ्या शाळेला कस्टर्ड दाखवायचा आहे, तर तो जेवतानाचा एक छोटा व्हिडिओ पाठवाल का? गिरिजानं बराच वेळ फोनकडे बघितलं आणि शेवटी अंगठा पाठवला. पाठवल्यावर तिच्या डोळ्यांसमोर मिस्टर डॉसन आणि त्यांचा चहाचा कप आला.

माणसाला जिथे काही करता येत नाही, तिथून त्याचे हात दुसरीकडे वळतात. शनिवारी संध्याकाळी गिरिजाला वाटलं की रातकिड्यांना तो डबा आता फार लहान पडतो. खाऊनपिऊन ते मोठे झाले होते. तिनं बुटांचं एक मोठं खोकं रिकामं केलं आणि विलासला म्हणाली, "याला जरा हवेसाठी भोकं पाड."

विलास मनापासून काम करणारा माणूस होता. त्यानं पट्टीनं मोजून समान अंतरावर भोकं पाडली. एकूण चोवीस. प्रत्येक भोक पेन्सिलीएवढं. रात्री रातकिडे नव्या घरात राहायला गेले.

रविवारी वंदनेची पाळी नेमकी त्यांच्याकडे होती. सकाळपासून गिरिजा स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या वड्या तळत होती. मध्येच येऊन तिनं कस्टर्डच्या पेटीत पाणी बदललं, तेवढ्यात दाराची बेल वाजली. अकरा वाजेपर्यंत पंधरा माणसं आली. 'जय भीम' झाला, कोट आतल्या पलंगावर गेले, बूट दाराशी रांगेत लागले.

सगळ्यांच्या पुढे रामटेकेकाका बसले. वय चौऱ्याहत्तर, पन्नास वर्षं कॉव्हेंट्रीत, आणि या मंडळाचे सुरुवातीपासूनचे सेक्रेटरी. वंदना पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तर काका दुसऱ्या दिवशी सर्वांना ईमेल करत. त्यांच्या मागे कल्याणी, हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर. कोपऱ्यात तनिषा, इथेच जन्मलेली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. मराठी ती धाडसानं बोलायची.

वंदना झाली. पंचशील झालं. मग दहा मिनिटं मौन आणि ध्यान. सगळ्यांनी डोळे मिटले. खोलीत फक्त घड्याळाची टिकटिक राहिली.

सोफ्याच्या मागून आवाज आला. किर्र.

गिरिजाचे खांदे ताठ झाले. पडद्याच्या मागून दुसऱ्यानं साथ दिली. मग पुस्तकांच्या कपाटातून तिसऱ्यानं. मिनिटाभरात सगळी खोली किर्रर्र करू लागली. गिरिजानं हळूच एक डोळा उघडला. समोर विलास दोन्ही डोळे उघडे ठेवून बसला होता. त्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून पेन्सिलीएवढं एक वर्तुळ केलं आणि मान खाली घातली.

दहा मिनिटांनी घंटा वाजली. काकांनी सावकाश डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर कुणी कधी न बघितलेलं समाधान होतं.

"विलासराव, वा! हा आवाज लावायची कल्पना कुणाची? उन्हाळ्यात आम्ही नागपुरात गच्चीवर झोपायचो ना, अगदी तस्सं वाटलं."

"काकू, हा कोणती अ‍ॅप आहे?" तनिषानं विचारलं. "माझा अ‍ॅप इतकी रिअल नाही वाटत."

गिरिजा उत्तर देणार तोच त्या अ‍ॅपनं उडी मारली आणि ती काकांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर बसली.

मागून कल्याणीनं मंडळाच्या पत्रकाची सुरळी केली आणि हात उचलला.

"थांब!" काका गरजले. "शील घेऊन अर्धा तास नाही झाला!"

कल्याणीचा हात वरच राहिला. मग सगळ्यांनी आजूबाजूला बघितलं. पडद्यावर सहा होते. उशीवर दोन. एक टीव्हीच्या कडेवरून शांतपणे चालला होता. कुणी किंचाळलं, कुणी सोफ्यावर चढलं, पण मारायला कुणीच धजेना. शेवटी कल्याणीनं वॉर्डातला आवाज काढला. "गिरिजाताई, ग्लास आणा. सगळे. प्रत्येकी एक ग्लास आणि एक पत्रक. ग्लास वरून ठेवा, कागद खालून सरकवा. पायांना धक्का लागू देऊ नका."

पुढची वीस मिनिटं कॉव्हेंट्रीतल्या त्या बैठकीच्या खोलीत पंधरा सुशिक्षित माणसं गुडघ्यांवर रांगत होती. काकांनी एकट्यांनी पाच पकडले. पकडलेले सगळे मोठ्या पातेल्यात घालून वर झाकण ठेवलं. तेवीस भरले. दमून सगळे जमिनीवरच टेकले.

"चला, आता बागेत सोडू," कुणीतरी म्हणालं. विलासनं मागचं दार उघडलं. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. त्यानं दार लावलं.

"दोन डिग्री आहे. पाच मिनिटांत मरतील."

"पण फेब्रुवारीत इतके रातकिडे आले कुठून?" काकांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गिरिजानं टीव्हीशेजारच्या पेटीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. मिस हॉलंडची आई, अठरा, सतरा, सोळा, सगळं.

काकांनी पातेल्याकडे बघितलं. "म्हणजे आपण आत्ता यांना एवढं जपून पकडलं ते..."

"खायला घालायला," कल्याणीनं वाक्य पुरं केलं.

पातेल्यातून एक क्षीण किर्र आलं.

मग वाद सुरू झाला. एकजण म्हणाले, पनीर देऊन बघा. कल्याणी म्हणाली, पेशंटनं खावं म्हणून मी चिकन सूप भरवते, ते चालतं आणि हे का नाही? काका म्हणाले, हेतू बघावा लागतो. दोघं एकदम बोलू लागले, तिसऱ्यानं मध्येच मधाच्या पोळ्यातल्या अळ्यांचा विषय काढला. तनिषा मात्र उठून पेटीपाशी गेली होती. दगड उचलून बघत होती.

"काकू," ती म्हणाली, "ह्या घरात कोणच नाहीये."

पेटीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं. सकाळी पाणी बदलताना बेल वाजली, तेव्हा गिरिजानं ते तसंच सोडलं होतं. वीस मिनिटं पंधरा माणसं याच गालिच्यावर गुडघे टेकत फिरली होती.

"कुणीही पाऊल उचलू नका!" कल्याणी म्हणाली.

सगळे जिथल्या तिथे थिजले.

"मी आधीच उचललंय," काकांचा आवाज आला. ते सोफ्याला धरून एका पायावर उभे होते. "खाली ठेवू का?"

"बघून ठेवा."

काकांनी खाली तीनदा बघून पाय टेकवला. गिरिजा पेटीशी गुडघ्यांवर बसली आणि कस्टर्ड एखाद्या कोपऱ्यात असेल या वेड्या आशेनं तिनं आतल्या वाळूवर हात फिरवला. वाळू गार होती. तिनं पेटीच्या खाली हात घातला. मॅटही गार. तिची नजर वायरवरून भिंतीपर्यंत गेली. प्लग जागेवर होता. बटण बंद होतं.

"विलास," ती फार हळू म्हणाली, "हे कुणी बंद केलं?"

विलास छताकडे बघू लागला.

"विलास."

"मी रोज झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करतो. लहानपणापासूनची सवय आहे. वडीलपण करायचे."

"आणि सकाळी?"

"सकाळी... किटलीचं तेवढं चालू करतो."

"म्हणजे आठ दिवस हा गारठ्यात बसलाय?"

"काकू, ऊब नसेल तर त्यांना डायजेस्टच होत नाही," तनिषा म्हणाली. "म्हणून ते खात नाही. भूकच नाही लागत."

गिरिजाला हसू की रडू ते कळेना. आठ दिवस ती शील आणि हिंसा, पाप आणि उपास यांत झोप घालवून बसली होती, आणि अडलं होतं ते एका बटणापाशी. पण हसायची ही वेळ नव्हती. सोळा ग्रॅमचा तो गारठलेला जीव याच खोलीत कुठेतरी होता.

"थंडी वाजणारा जीव कुठे जातो?" काका म्हणाले. "उबेला."

रेडिएटरच्या मागे टॉर्च मारला. नाही. टीव्हीच्या मागे नाही. विलास एकदम ताठ उभा राहिला.

"राउटर," तो म्हणाला. "घरात मी रात्रीही बंद करत नाही असं एकच बटण आहे. कामावरून फोन येतो म्हणून."

राउटर खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जमिनीवर, पडद्याच्या आड होता. पंधरा माणसं पाय न उचलता, फरफटत त्या दिशेनं सरकली. गिरिजानं श्वास रोखून पडदा बाजूला केला.

हिरव्या दिव्यांच्या मागे, गरम प्लॅस्टिकला पोट चिकटवून कस्टर्ड पसरला होता. त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी एकेक बारीक पाय बाहेर आला होता. त्यानं एक आवंढा गिळला. पाय दिसेनासे झाले.

कुणी हललं नाही. ऊब शोधत आणखी एक रातकिडा भिंतीच्या कडेनं राउटरकडे चालत आला. कस्टर्डनं मान उचलली. त्याच्या बारीक शेपटीचं टोक थरथरलं. झटकन् एक हालचाल झाली आणि रातकिडा गेला. मग आणखी एक आला. तोही गेला. तनिषाचा फोन केव्हाच चालू झाला होता. मघाच्या ध्यानात नव्हती एवढी एकाग्रता आता खोलीत होती. कस्टर्डनं तिसरा घास संपवून जिभेनं ओठ चाटले, तेव्हा मागून कुणाच्या तरी तोंडून वंदनेच्या सवयीनं "साधु, साधु" निघून गेलं.

गिरिजा तिथेच भिंतीला टेकून बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती. काकांनी तिला आपला रुमाल दिला.

"गिरिजाताई," ते खाली वाकून म्हणाले, "शील आपण घेतलंय. त्यानं नाही. तो त्याच्यासारखा जगतो, एवढंच."

विलासनं स्वतःच्या ओंजळीत कस्टर्डला पेटीपर्यंत नेलं. मॅटचं बटण दाबलं, त्यावर चिकटपट्टीच्या चार पट्ट्या मारल्या आणि वर लाल पेननं 'हात लावू नये' असं लिहिलं. मग सगळ्यांच्या साक्षीनं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कस्टर्डला ठेवलं. सतरा. गिरिजानं आलेखावर ठिपका दिला. जिना उतरणाऱ्या रेघेनं एक पायरी वर चढली. त्या दिवशी कोथिंबिरीच्या वड्या दोनदा तळाव्या लागल्या, आणि काकांनी चार खाल्ल्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर पेटी चांगली उबदार झाली. गिरिजानं पातेल्यातून दोन रातकिडे चमच्यावर घेतले, पावडरीत घोळवले आणि आत सोडले. या वेळी तिनं डोळे उघडे ठेवले. कस्टर्डनं तिला फार वेळ ताटकळत ठेवलं नाही.

सोमवारी असेंब्लीत तनिषाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लागला. तीनशे मुलं एकदम "ईईई" करून ओरडली आणि मग टाळ्या वाजल्या. कस्टर्ड आपल्या जागी परत गेला. मिस हॉलंडनं गिरिजाला मिठी मारली. तिला बाकीचं काही माहीत नव्हतं, आणि माहीत करून द्यायची गिरिजाला घाई नव्हती. घरी येऊन ती सोफ्यावर आडवी झाली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं पाय लांब केले होते. तेवढ्यात फोन वाजला. रामटेकेकाका.

ती उठून बसली. वंदनेत व्यत्यय आला म्हणून ईमेल येईल असं तिला वाटलंच होतं. थेट फोन म्हणजे प्रकरण गंभीर.

"जय भीम, काका."

"जय भीम. गिरिजाताई, जरा एक सांगायचं होतं. काल घरी येऊन कोट अडकवला. रात्रभर कोटातून आवाज येत होता. सकाळी खिशात बघतो तर तुमचा एक."

"अरे बापरे! सॉरी काका. विलासला आत्ताच पाठवते, तो घेऊन येईल."

"नाही, नाही!" काका इतक्या घाईनं म्हणाले की ते स्वतःच थोडे दचकले असावेत. "न्यायला नको. तसा त्रास काही नाही त्याचा."

त्यांच्या घरात एरवी रेडिओ सोडला तर दुसरा आवाज नसे. आता मागून स्पष्ट ऐकू आलं. किर्र.

"ऐकलंत?" काका म्हणाले. "स्वयंपाकघरात ठेवलाय. बरणीत. झाकणाला भोकं बारीक पाडलीयेत मी." त्यांनी घसा साफ केला. "मी विचारायला फोन केला, याला खायला काय घालतात?"

गिरिजा हसली. "गाजर किसून द्या, काका. भोपळा चालतो. कोथिंबीर फार आवडते. आणि पाणी वाटीत नको, कापूस ओला करून..."

"थांबा, थांबा. हळू सांगा," काका म्हणाले. "लिहून घेतोय."